काळ्या मातीत पाया किती खोल घ्यावा?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. विजापूर रस्त्याच्या बाजूला आम्ही 30 बाय 40 फुटांचा प्लॉट घेतला असून त्यावर तळमजला आणि वर एक मजला बांधायचा आहे. अक्षय तृतीयेला पायाभरणी करण्याचा विचार आहे. आमच्या इंजिनिअरांनी दोन ठिकाणी खड्डे घेऊन पाहिले. पुढच्या बाजूला सहा फुटांवर मुरूम लागला, पण मागच्या कोपऱ्यात साडेनऊ फुटांपर्यंत काळी मातीच निघाली. मुरूम लागेपर्यंत खाली जावेच लागेल, असे ते म्हणतात. मिस्त्रींचे म्हणणे असे की, पाच फुटांवर सगळे खड्डे थांबवावेत आणि फुटिंगच्या (कॉलमखालच्या काँक्रीटच्या रुंद बैठकीच्या) जाळीत 12 ऐवजी 16 मिलीमीटरची सळई टाकून सिमेंट वाढवावे, म्हणजे पाया हलणार नाही. दिरांनाही ते पटते. सासरे मात्र म्हणतात की, आपले गावातले जुने दगडी घर सिमेंटचा कणही न वापरता उभे आहे, पण त्याचा पाया पाषाणाला टेकवला होता. शेजारच्या चार वर्षांच्या बंगल्याला खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या आहेत, त्यामुळे मला भीती वाटते. मागच्या कोपऱ्याजवळ एक मोठा कडुनिंब आहे. तो तोडावा का, हेही कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले इंजिनिअर बरोबर सांगत आहेत आणि आपल्या सासऱ्यांनी तीच गोष्ट त्यांच्या भाषेत सांगितली आहे. खड्डे मुरमापर्यंत न्या. मिस्त्रींच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी आयुष्यभर डोळ्यांसमोर पाहिले ते काँक्रीट आणि लोखंड, त्यामुळे मजबुती म्हणजे लोखंड हे त्यांच्या मनात पक्के बसले आहे. परंतु फुटिंगचे काम घराचे वजन जमिनीवर पसरवून देणे एवढेच असते, पेलण्याचे काम शेवटी जमीनच करते. चिखलात रुतणाऱ्या बैलगाडीच्या चाकाला जाड लोखंडी धाव चढवली म्हणून ते रुतायचे थांबत नाही, तसेच जाळीतली सळई जाड केल्याने तिच्याखालची माती सुधारत नाही.

आपल्याकडची जमीन कशी घडली, हे थोडे समजून घेतले तर पुढचे सगळे सोपे होईल. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला. तो पाषाण ऊन, पाऊस आणि हवेने झिजत गेला की आधी त्याचा मुरूम होतो आणि मुरूम आणखी कुजत गेला की त्याची काळी माती होते. म्हणून सोलापूर परिसरात खणत गेल्यावर साधारणपणे वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली पाषाण असा क्रम सापडतो. उंचवट्याच्या माळावर मातीचा थर वीतभर असतो, तर सखल भागात पाण्याबरोबर वाहून आलेली माती साचून तो थर पंधरा-वीस फुटांचाही असू शकतो. आपल्या एकाच प्लॉटमध्ये पुढे सहा फूट आणि मागे साडेनऊ फूट असा फरक पडला, याचे कारण बहुधा हेच असावे की, मागची बाजू कधीकाळी ओघळीची किंवा सखल जागेची होती.

या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर ढकलते, त्यामुळे माती फुगते; उन्हाळ्यात पाणी निघून गेले की तीच माती आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मंगळवेढ्याच्या शिवारात हे आपण पाहिलेच असेल. हस्ताच्या पावसाचे पाणी महिनोन् महिने धरून ठेवून रब्बीची ज्वारी पिकवण्याचा जो या मातीचा गुण, तोच घराच्या पायाखाली दोष ठरतो. सोलापुरात पाऊस कमी, तोही बराचसा सप्टेंबरमध्ये एकवटलेला, आणि त्यानंतर सात-आठ महिने कोरडे. म्हणजे दरवर्षी एकदा फुगणे आणि एकदा आक्रसणे हे ठरलेलेच.

त्यातही सारे घर सारखे वर-खाली झाले असते तर फारसे बिघडले नसते. पावसाळ्यात घराच्या कडेची माती भिजते, मधली कोरडी राहते. न्हाणीघराच्या बाजूला बारा महिने ओल असते, दिवाणखान्याच्या बाजूला नसते. त्यामुळे एक कॉलम वर उचलला जातो आणि शेजारचा जागेवरच राहतो. भारतीय मानकानुसार काँक्रीटच्या चौकटीच्या इमारतीत सुट्या फुटिंगच्या खचण्यातला फरक दोन कॉलममधील अंतराच्या 1/666 पेक्षा जास्त नसावा. चार मीटर अंतर धरले तर हा फरक 6 मिलीमीटर होतो, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याची लांबी. एवढ्याने भिंतीचा संयम संपतो. शेजारच्या बंगल्याच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरक्या भेगा बहुधा याच कारणाच्या आहेत. त्यांच्याकडे एखादे दार पावसाळ्यात अडकते आणि उन्हाळ्यात सुटते का, हे सहज विचारून पाहा. तसे होत असेल तर घराखालची माती ऋतूंप्रमाणे हलत आहे, असे समजावे. एक-दोन मजल्यांच्या हलक्या घरांना हा त्रास जास्त होतो, कारण फुगणारी माती वर रेटते तेव्हा तिला दाबून धरण्याइतके वजन त्यांच्याजवळ नसते.

आता मिस्त्रींच्या सूचनेचा हिशेब मांडू. आपल्या घराला बारा कॉलम आहेत आणि मधल्या एका कॉलमवर 40 टन भार येतो, असे धरू. फुटिंगचे स्वतःचे वजन दहा टक्के मिळवले की 44 टन झाले. मुरूम दर चौरस मीटरला 20 टन पेलतो असे तपासणीत निघाले, तर 2.2 चौरस मीटर, म्हणजे साधारण दीड मीटर बाजूचे फुटिंग पुरते. काळी माती कोरडी असताना बरीच टणक लागते, पण भिजल्यावर तिची पेलण्याची शक्ती झपाट्याने घटते. ती 8 टन धरली तर त्याच कॉलमला साडेपाच चौरस मीटर, म्हणजे सुमारे 2.35 मीटर बाजूचे फुटिंग लागेल, आणि एवढे करूनही फुगण्याचा प्रश्न जागच्या जागीच राहील.

लोखंडाचे पाहा. दीड मीटरच्या फुटिंगमध्ये दोन्ही दिशांना दहा-दहा सळया धरल्या तर एका जाळीला 30 मीटर सळई लागते. 12 मिलीमीटरची सळई मीटरला 0.89 किलो भरते आणि 16 मिलीमीटरची 1.58 किलो. म्हणजे बारा फुटिंगमध्ये मिस्त्री सांगतात तो बदल केल्यास जवळजवळ 250 किलो लोखंड वाढते. याउलट, सगळेच कॉलम चार फूट अधिक खाली न्यावे लागले, असे मुद्दाम वाढवून धरले तरी 9 बाय 15 इंची बारा कॉलमना मिळून सव्वा घनमीटर काँक्रीट, सुमारे दहा पोती सिमेंट आणि सळई व रिंगा मिळून सव्वाशे किलोच्या आसपास लोखंड जास्त लागेल. त्यावर जेसीबीचे जादा तास आणि भरावाचा मुरूम यांचा खर्च आहेच, तो मी नाकारत नाही. परंतु लोखंडापुरते पाहिले तर खोल जाणे हे जाळी जाड करण्याच्या निम्म्यात होते. हे आकडे आपल्या दिरांसमोर ठेवा. पैसे वाचवण्याचा त्यांचा आग्रह योग्य आहे, तो फक्त चुकीच्या ठिकाणी लागला आहे.

जाळीचे खरे काम वेगळे आहे. कॉलम मधोमध दाबतो आणि जमीन सगळीकडून वर रेटते, त्यामुळे फुटिंगच्या कडा वर वळू पाहतात आणि तळाच्या बाजूला ताण येतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. म्हणून सळई तळाशी हवी आणि तिच्याखाली 50 मिलीमीटर काँक्रीटचे आवरण हवे. त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक वापरावेत, खडीचे तुकडे किंवा विटेचे खापरे नव्हेत. जाळी मातीला टेकली तर ओल थेट सळईला लागते, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फुटते. त्याचबरोबर जड कॉलम पातळ फुटिंगला भोसकून खाली जाऊ पाहतो, म्हणून फुटिंगची जाडी इंजिनिअरांनी नकाशात दिली असेल तेवढीच ठेवावी, एक इंचही कमी करू नये.

प्रत्यक्ष खोदाईच्या दिवशी आपण तिथे उभ्या राहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मुरूम ओळखणे अवघड नाही. काळ्या मातीत पहार रुतते आणि चिकटून वर येते. मुरमाला लागली की खणकन आवाज येतो, हाताला झिणझिण्या येतात आणि जेसीबीच्या दातांचे ओरखडे तळावर स्पष्ट उमटतात. मात्र प्लॉट पाडताना वरून पसरलेला फूटभर मुरूम हा भराव असतो, त्याला भुलू नये. खरा मुरूम लागल्यावर त्यातही किमान फूटभर उतरून मगच तळ सपाट करावा. पुढचे खड्डे सात फुटांवर आणि मागचे अकरा फुटांवर थांबले तरी चालेल. खोली सारखी असण्यापेक्षा सगळे फुटिंग एकाच प्रकारच्या थरावर बसणे महत्त्वाचे असते. फक्त एक खोल खड्डा एखाद्या उथळ फुटिंगच्या अगदी लगत येत असेल तर आधी खोलचे फुटिंग भरून घ्यावे आणि दोहोंमधला उतार इंजिनिअरांकडून तपासून घ्यावा.

मागच्या कोपऱ्यात बारा-तेरा फुटांपर्यंतही मुरूम लागला नाही, तर पुढे निव्वळ खणत राहू नका. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल हा चांगला मार्ग आहे. यात जमिनीत गोल भोक पाडून त्याच्या तळाशी कंदासारखा फुगवटा कोरतात, साधारणपणे भोकाच्या व्यासाच्या अडीचपट, आणि मग सळई सोडून काँक्रीट भरतात. ऋतूंप्रमाणे माती हलण्याचा पट्टा साधारण साडेतीन मीटरपर्यंत असतो, फुगवटा त्याच्या खाली रुतून राहतो. दुसरा मार्ग आयआयटी मुंबईतील प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून आला आहे. त्यात काळी माती काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मुरमाड मातीचा सुमारे मीटरभर जाडीचा थर कुटून भरतात. आपल्या घरासाठी कोणता मार्ग योग्य, हे इंजिनिअरांनी मातीचा अहवाल पाहून ठरवावे.

हा अहवाल जरूर करून घ्या. त्यातली एक चाचणी इतकी साधी आहे की आपण प्रयोगशाळेत जाऊन ती स्वतः पाहावी. वाळवून चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग काचेच्या दोन मापनळ्यांत घालतात. एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती 12 मिलीलीटरच्या रेघेवर आणि पाण्यातली 21 च्या रेघेवर दिसली, तर फुगण्याचे प्रमाण 75 टक्के झाले. 50 टक्क्यांच्या वर गेलेली माती अत्यंत फुगणारी समजतात. मी शिकत असताना या दोन नळ्या शेजारी शेजारी पाहिल्या आणि काळ्या मातीबद्दल कोणी मला पुन्हा पटवून देण्याची गरज उरली नाही.

खड्डा तयार झाल्यावर तो उघडा ठेवू नये. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका कामावर मी देखरेखीला होते. संध्याकाळी खड्डे तयार झाले, रात्री वळवाचा पाऊस आला. सकाळी आम्ही पंप लावून पाणी काढले, वरून सगळे ठीक दिसत होते आणि काँक्रीटची गाडी दाराशी उभी होती, म्हणून मी होकार दिला. तळाशी बोटभर मऊ राड राहिली होती, ती खरवडून काढायला हवी होती. दीड वर्षाने त्याच दोन कॉलमांमधल्या भिंतीला भेग गेली. चूक माझी होती आणि ती आजही मला आठवते. म्हणून सांगते, तळाचे शेवटचे सहा इंच खणून काढायचे काम काँक्रीटच्या दिवशीच हाताने करावे, आणि लगेच 100 मिलीमीटर जाडीचा पीसीसी, म्हणजे बिनसळईच्या साध्या काँक्रीटचा थर, टाकून तळ बंद करावा.

मे महिना खोदाईला चांगला आणि काँक्रीटला वाईट. खड्डे कोरडे राहतात, पण आपल्याकडचा पारा चाळिशीच्या पुढे असताना काँक्रीटमधले पाणी घट्ट होण्याआधीच उडून जाते. म्हणून भरणी पहाटे किंवा उन्हे कलल्यावर करावी आणि त्याआधी तळ व फळ्या ओल्या करून घ्याव्यात, परंतु पाणी साचू देऊ नये. एम-20 हा सळईच्या काँक्रीटसाठीचा किमान दर्जा आहे. हाताने माप घेऊन करायचे असेल तर एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी. एका पोत्याला 25 ते 27 लीटर पाणी पुरते. मिश्रण ओतायला सोपे जावे म्हणून मजूर एक बादली जास्त ओततात आणि मग वाढीव सिमेंटचे सगळे पैसे त्या बादलीत वाहून जातात. हे एवढे एक राखलेत तरी मिस्त्रींना हवी असलेली मजबुती सिमेंट न वाढवता मिळेल. बोअरचे पाणी चवीला खारट असेल तर तपासून घ्यावे, कारण सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात लीटरमागे 500 मिलीग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट वापरत असाल तर या उन्हात पूर्ण चौदा दिवस ओले गोणपाट टाकून पाणी मारावे. पहिल्याच भरणीचे 150 मिलीमीटरचे ठोकळे भरून 28 दिवसांनी त्यांची तपासणी करून घ्यावी.

मृगाच्या आत खड्डे बुजवून प्लिंथ बीमपर्यंत, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या काँक्रीटच्या आडव्या तुळयांपर्यंत, काम आणावे. भराव मुरमाचा असावा, सहा ते आठ इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी शिंपून कुटलेला. खड्ड्यातून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात टाकू नका. तसे केले तर पाया जागेवर राहील, पण दोन पावसाळ्यांत फरशा उचलतील. ती माती माळरानावरच्या एखाद्या शेतकऱ्याला द्या, त्याला ती सोन्यासारखी आहे. प्लिंथ बीम काळ्या मातीवर थेट टेकवू नये, खाली 75 ते 100 मिलीमीटरची पोकळी ठेवावी. हे बीम सर्व कॉलमना चारही दिशांनी बांधून ठेवतात आणि आपल्याला त्यांची गरज दुहेरी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे ज्या किल्लारीला भूकंपाने उद्ध्वस्त केले, ती सरळ रेषेत सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्याही आत आहे.

त्याच संदर्भात आपल्या जुन्या घराविषयी. जाड भिंती आणि पाषाणाला टेकलेला पाया यांमुळे ते रोजचे वजन उत्तम पेलते, आणि त्या जुन्या बांधणीचे सांधे थोडीशी हालचाल सोसूनही घेतात. पण किल्लारीत सर्वाधिक जीव घेतले ते दगड-मातीच्या जड भिंतींनीच, कारण त्यांना एकमेकींशी बांधणारे काही नव्हते. सासऱ्यांकडून पायाची खोली घ्या आणि इंजिनिअरांकडून बांधणी.

आता कडुनिंब. तो तोडू नका. मोठे झाड उन्हाळ्यात मुळांनी मातीतले पाणी ओढून ती आणखी आक्रसवते, हे खरे. पण झाड तोडले की ते ओढणे थांबते आणि वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली माती हळूहळू फुगू लागते, म्हणजे तोडण्यानेही हालचाल होतेच. मागचे फुटिंग मुरमात बसल्यावर वरची माती फुगली काय किंवा आक्रसली काय, कॉलमला त्याचा फारसा जाच होत नाही. त्या बाजूला खोदाई करताना जाड मुळे जेसीबीने ओरबाडू न देता करवतीने कापून घ्यावीत. शोषखड्डा मात्र त्या कोपऱ्यात नको. तो, न्हाणीचे पाणी आणि गच्चीवरून उतरणारा पाइप हे तिन्ही पुढच्या बाजूला, जिथे मुरूम सहा फुटांवर आहे तिथे, भिंतीपासून जमेल तेवढ्या लांब न्यावेत, आणि घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली तीन फुटांची फरशी करून घ्यावी. मागचा खड्डा किती फुटांवर थांबला, ते मला जरूर कळवा.